कै. बाळ गंगाधर खेर

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळा होऊन अस्तित्वात आला. त्यापूर्वी, १९०६ साली खानदेशाचे दोन भाग झाले तेव्हापासून, हा सारा मुलूख पश्चिम खानदेश या नावाने ओळखला जात असे. तापीकाठची काळी जमीन, तिच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि त्या रांगांत राहणारे भिल्ल, पावरा, मावची, कोकणी इत्यादी बांधव, असे या मुलुखाचे स्वरूप होते व आजही बऱ्याच अंशी आहे. मुंबईत बसून कारभार करणाऱ्यांना हा प्रदेश दूरचा वाटे. आणि जो दूरचा तो सहसा विसरला जातो, असा राज्यकारभाराचा अनुभव आहे. परंतु मुंबई प्रांताच्या मुख्य प्रधानपदी एक असा पुरुष होऊन गेला, की ज्याने या दूरच्या डोंगरांचा प्रश्न सरकारच्या मेजावर आणून ठेवला. ते गृहस्थ म्हणजे कै. बाळ गंगाधर तथा बाळासाहेब खेर होत. ते या जिल्ह्यात जन्मले नाहीत. तथापि या जिल्ह्याच्या इतिहासाशी त्यांच्या कारकीर्दीचा जो संबंध पोहोचतो, तो विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या पालकांना ठाऊक असावा म्हणून हे अल्प चरित्र येथे देत आहोत.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरी येथे एका मध्यम स्थितीतील कऱ्हाडे ब्राह्मण कुटुंबात झाला. घरची संपत्ती बेताची, पण विद्येची आवड मोठी. उच्च शिक्षणासाठी ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात दाखल झाले. हे कॉलेज स्कॉटलंडहून आलेले मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली सुरू केलेल्या शाळेतून वाढीस लागलेले. मिशनच्या शाळांतून शिकलेल्या व पुढे देशकार्यात पडलेल्या महाराष्ट्रीयांची जी मालिका आहे, तिच्यात बाळासाहेबांचे नाव ठळकपणे येते. १९०८ साली ते बी. ए. झाले. संस्कृत हा त्यांचा विशेष आवडीचा विषय असून त्या विषयातील प्रावीण्याबद्दल त्यांना भाऊ दाजी पारितोषिक मिळाले होते. संस्कृत ग्रंथांची ही गोडी त्यांना पुढेही पुरली. राजकारणाच्या धकाधकीतही अभ्यासू वृत्तीचा हा माणूस पुस्तकांपासून कधी दूर गेला नाही.

पदवीनंतर त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. काही काळ मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बीमन यांचे स्वीय साहाय्यक म्हणून त्यांनी काम पाहिले. न्यायाधीशाच्या शेजारी बसून दोन्ही बाजू ऐकण्याची व मग मत बनविण्याची जी सवय लागते, ती त्यांना येथे लागली असावी, असे त्यांच्या पुढील वर्तनावरून वाटते. १९१८ साली त्यांनी सॉलिसिटरचा व्यवसाय सुरू केला व मणिलाल खेर आणि कंपनी ही त्यांची पेढी मुंबईत नावारूपास आली. धनाची वाट मोकळी झाली होती. पण त्याच सुमारास देशात गांधीयुगाचा उदय होत होता.

१९२२ साली स्वराज्य पक्षाच्या मुंबई शाखेचे ते चिटणीस झाले व तेथून त्यांच्या सार्वजनिक जीवनास आरंभ झाला. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत त्यांना आठ महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. १९३२ साली ते पुन्हा पकडले गेले व या खेपेस दोन वर्षांचा कारावास त्यांच्या वाट्यास आला. चालता धंदा सोडून चाळिशी उलटल्यावर तुरुंगाची भाकरी खाण्यास जाणे ही गोष्ट सोपी नव्हे. तरुण रक्ताच्या उसळीने तुरुंगात जाणारे पुष्कळ असतात. प्रपंचाचे ओझे डोक्यावर असता विचारपूर्वक जाणारे थोडे.

१९३५ च्या कायद्यान्वये १९३७ च्या आरंभी प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ८६ मिळाल्या व तो सर्वांत मोठा पक्ष ठरला. आता पक्षाचा नेता कोण, हा प्रश्न उभा राहिला. मुंबई शहराचे लोकप्रिय पुढारी खुर्शेदजी नरिमन यांचे नाव अनेकांच्या तोंडी होते. परंतु निवड झाली ती बाळासाहेबांची. नरिमन यांस ही गोष्ट फार लागली. सरदार वल्लभभाई पटेल यांनी आपल्या वजनाचा उपयोग आपल्याविरुद्ध केला, असा त्यांचा आरोप होता. महात्मा गांधी व कायदेपंडित बहादुरजी यांनी या तक्रारीची चौकशी केली व निर्णय नरिमन यांच्या विरुद्ध गेला. तथापि पुढे मौलाना आझादांसारख्या थोर पुढाऱ्यानेही नरिमन यांच्यावर अन्याय झाला असे मत लिहून ठेवले. वाद कसाही असो; अशा वादळातून जो माणूस अधिकारावर येतो, त्याच्या प्रत्येक कृतीकडे लोक संशयाने पाहत असतात. त्या संशयास उत्तर देण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे स्वच्छ काम. बाळासाहेबांनी तोच पत्करला.

गव्हर्नर आपल्या खास अधिकारांचा उपयोग पदोपदी करणार नाहीत, याची समजूत पटेपर्यंत काँग्रेसने अधिकार घेतला नाही. मधल्या काळात सर धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ होते. अखेर जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब मुंबई प्रांताचे मुख्य प्रधान झाले. बहुमताच्या आधारावर तेथे अधिकारारूढ झालेले हे पहिलेच मंत्रिमंडळ. शिक्षणखाते त्यांनी स्वतःकडे ठेवले. कन्हैयालाल मुन्शी, मोरारजी देसाई, अण्णासाहेब लठ्ठे, डॉ. गिल्डर आदी मंडळी त्यांच्या सोबत होती. पक्षाच्या ठरावानुसार मंत्र्यांनी दरमहा ५०० रुपये वेतन घेतले. ज्यांनी पूर्वीच्या सरकारी कौन्सिलरांचे भारी पगार पाहिले होते, त्या लोकांना हा फरक तत्काळ दिसून आला.

या मंत्रिमंडळाने दोन सव्वादोन वर्षांत बरेच कायदे केले. बारडोलीच्या शेतकऱ्यांच्या सरकारजमा झालेल्या जमिनी परत देण्यात आल्या. हरिजनांना मंदिरप्रवेशाच्या मार्गातील कायद्याच्या अडचणी दूर करण्यासाठी १९३८ साली कायदा झाला. लहान शेतकरी, कूळ व कर्जबाजारी शेतकरी यांच्या संरक्षणासाठी कायदे झाले. प्रौढांना साक्षर करण्याची मोहीम निघाली. मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने वर्धा शिक्षण योजनेचा विचार करण्यासाठी ज्या समित्या नेमल्या, त्यांचे अध्यक्षपदही बाळासाहेबांकडेच होते.

आता आपल्या जिल्ह्याशी निगडित असलेला भाग सांगावयाचा. १९३५ च्या कायद्यात काही डोंगराळ प्रदेश अंशतः वर्जित क्षेत्रे म्हणून वेगळे काढलेले होते. मुंबई प्रांतातील अशा क्षेत्रांच्या यादीत पश्चिम खानदेशातील शहादा, नंदुरबार व तळोदा हे तालुके, नवापूर पेटा, अक्राणी महाल आणि मेहवासी सरदारांची गावे यांचा समावेश होता. म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्याचा जवळजवळ सारा भाग त्यात आला. याचा अर्थ असा, की विधिमंडळाने केलेला कोणताही कायदा येथे आपोआप लागू होत नसे. गव्हर्नराने तशी अधिसूचना काढली तरच तो लागू होई, व तोही फेरफारासह लागू करण्याची त्यास मुभा असे. या प्रदेशांची खास जबाबदारी गव्हर्नरावर होती. आदिवासींचे रक्षण व्हावे हा या तरतुदीचा सांगितलेला हेतू होता. परंतु तिचा दुसरा परिणाम असा, की मुंबईस लोकांच्या प्रतिनिधींनी सावकारास आळा घालणारा कायदा केला, तरी सर्वांत अधिक गांजलेल्या डोंगरातील ऋणकोच्या दारी तो स्वतंत्र हुकुमावाचून पोहोचत नसे.

बाळासाहेबांच्या सरकारने या क्षेत्रांतील लोकांच्या स्थितीची चौकशी करण्याचे काम सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याकडे सोपविले. सिमिंग्टन यांच्या अहवालात जे चित्र उमटले ते विदारक होते. सावकाराचे कर्ज एकदा अंगावर आले की ते पिढ्यान्‌पिढ्या फिटत नसे. अक्षरशत्रू ऋणकोस वहीत काय लिहिले आहे हे कळण्यास मार्ग नसे. जमीन हातची जाई व तिचाच पूर्वीचा धनी तीवर मजूर म्हणून राबे. खालच्या दर्जाचे सरकारी नोकर वेठ घेत व फुकट जिनसा उकळीत. जंगल हे ज्यांचे घर, त्यांनाच जंगलखात्याचे नियम ठायी ठायी आडवे येत. विशेष हे, की हे सारे कोणा चळवळ्याने लिहिले नव्हते. सरकारच्याच एका इंग्रज अधिकाऱ्याने पाहून लिहिले होते. त्यामुळे ते खोटे म्हणून बाजूस सारणे कोणास शक्य नव्हते.

दुर्दैव असे, की अहवालावर पुरती कारवाई होण्यास अवधीच मिळाला नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात महायुद्ध पेटले. हिंदी लोकांस न विचारता हिंदुस्थानास युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले व नोव्हेंबरच्या आरंभी बाळासाहेबही पायउतार झाले. पुढे सहा वर्षांहून अधिक काळ प्रांतात गव्हर्नराची राजवट चालली.

अधिकार गेला म्हणून बाळासाहेबांनी तो विषय सोडला नाही. १९४० साली त्यांच्या पुढाकाराने ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळाची स्थापना झाली. मंत्रिपदी असता कागदावर वाचलेल्या दुःखासाठी पद गेल्यावरही झिजणे, यातच माणसाच्या कळकळीची खरी परीक्षा होते. पाठोपाठ १९४२ चा लढा आला व बाळासाहेब पुन्हा तुरुंगात गेले. याच लढ्यात ९ सप्टेंबर १९४२ रोजी आपल्या नंदुरबार शहरात मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शाळकरी वयाचा शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सहकारी लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे धारातीर्थी पडले. मुंबईचा माजी मुख्य प्रधान व नंदुरबारचा शाळकरी मुलगा, दोघांनीही एकाच लढ्यात आपापल्या परीने मोल दिले. मुलाने दिलेले मोल अर्थातच अधिक मोठे होते.

१९४६ च्या निवडणुकांनंतर बाळासाहेब दुसऱ्यांदा मुख्य प्रधान झाले व १९५२ च्या एप्रिलपर्यंत त्या पदावर राहिले. देश स्वतंत्र झाला तेव्हा मुंबई राज्याची सूत्रे त्यांच्या हाती होती. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची सोय, अन्नधान्याची टंचाई, संस्थानांचे विलीनीकरण अशी एकाहून एक अवघड कामे या काळात पुढे ठाकली. १९४८ च्या कूळकायद्याने कुळाकडून घ्यावयाच्या खंडास मर्यादा पडली. कोरडवाहू जमिनीत उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहून व बागायतीत चौथ्या हिश्श्याहून अधिक खंड घेता येईना. जन्मावरून माणसास गुन्हेगार ठरविणारा गुन्हेगार जमातींचा कायदा मुंबई राज्याने १९४९ सालीच रद्द केला. साऱ्या देशात तो रद्द होण्यास १९५२ साल उजाडले.

डोंगरातील लोकांसाठी या काळात घडलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जंगल कामगारांच्या सहकारी संस्था. पूर्वी सरकारी जंगलातील कूप तोडण्याचा मक्ता ठेकेदार घेत. आदिवासी झाडे तोडी, ओंडके वाही, कोळसा पाडी. नफा मात्र ठेकेदाराच्या थैलीत जाई. १९४७ पासून सरकारने असे कूप खुद्द आदिवासी मजुरांच्या सहकारी संस्थांना देण्यास आरंभ केला. हिशेब ठेवण्यास व मार्ग दाखविण्यास प्रत्येक संस्थेच्या पाठीशी समाजसेवकांची एखादी संस्था असावी अशी योजना होती. सहकाराचे जाणते पुरस्कर्ते वैकुंठभाई मेहता हे या मंत्रिमंडळात होते व त्यांचा या कामी मोठा आधार झाला. मजुरी रोख हाती पडावी, नफ्याचा वाटा मजुरासच मिळावा व ठेकेदाराची मधली साखळी तुटावी, हा यातील विचार. ठाण्यापासून खानदेशापर्यंतच्या जंगलपट्टीत अशा संस्था निघाल्या. सर्वच संस्था चांगल्या चालल्या असे नाही. काहींत जुना ठेकेदारच मागल्या दाराने शिरला. तरी जंगल तोडणाऱ्यास जंगलाच्या उत्पन्नाचा भागीदार मानणे, ही गोष्ट सरकारी धोरणात येथून रुजली.

शिक्षणाच्या क्षेत्रात त्यांचे कार्य असेच लक्षात ठेवण्याजोगे आहे. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याच्या दिशेने १९४७ चा कायदा झाला. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले व खानदेशातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. १९९० साली जळगावास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन होईपर्यंत आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या पदव्या पुण्याच्याच असत. त्याच सुमारास गुजरात, कर्नाटक व बडोदे येथील विद्यापीठेही मुंबई राज्यात उभी राहिली. मातृभाषेचा पाया पक्का व्हावा म्हणून इंग्रजीचे शिक्षण आठव्या इयत्तेपासून सुरू करण्याचे धोरण त्यांच्या सरकारने अवलंबिले. यावर त्या वेळी मोठा वाद झाला. श्रीमंताची मुले घरी शिकवणी लावून इंग्रजी शिकतील व गरिबाची मुले मागे पडतील, असे विरोधकांचे म्हणणे होते. परक्या भाषेच्या ओझ्याखाली खेड्यातील मूल शाळाच सोडून देते, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद होता. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, म्हणूनच तो वाद पुढेही पुष्कळ वर्षे मिटला नाही.

चरित्र लिहिताना केवळ स्तुती करणे हा चरित्रनायकाचाही मान नव्हे. बाळासाहेबांच्या कारकीर्दीत त्यांच्यावर कठोर टीका झाली, तीही सांगितली पाहिजे. १९३८ च्या औद्योगिक कलह कायद्याने कामगारांचा संपाचा हक्क आखडला जातो, असे कामगार पुढाऱ्यांचे मत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व इतर पुढारी यांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप घडवून आणला व त्या दिवशी गोळीबारही झाला. पुढे ठाणे जिल्ह्यात वारली बांधवांनी वेठीविरुद्ध मोठा लढा उभारला, तेव्हा त्या लढ्याच्या पुढारी गोदावरीबाई परुळेकर यांस १९४६ साली याच सरकारने जिल्ह्याबाहेर घालविले. ज्या मुख्य प्रधानाने आदिवासींसाठी सेवा मंडळ काढले, त्याच्याच सरकारने आदिवासींच्या लढ्यावर बंदोबस्त बसवावा, ही विसंगती खरी. बाळासाहेबांचा विश्वास कायद्यावर, सेवेवर व हळूहळू होणाऱ्या सुधारणेवर होता. दाबलेल्या माणसाने स्वतः उठून हक्क मागणे, हा मार्ग त्यांच्या सरकारास शांततेचा भंग वाटला. वेठ मोडण्यास दोहोंची गरज होती, हे आज मागे वळून पाहता स्पष्ट दिसते.

१९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर त्यांनी सत्ता मोरारजी देसाई यांच्या हाती सोपविली. त्यानंतर ते लंडन येथे भारताचे हायकमिशनर म्हणून गेले व १९५४ पर्यंत तेथे होते. ज्या राज्याने त्यांस वारंवार तुरुंगात टाकले, त्याच्याच राजधानीत ते स्वतंत्र देशाचे प्रतिनिधी म्हणून मानाने वावरले. १९५४ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब देण्यात आला. १९५५ साली राष्ट्रपतींनी नेमलेल्या राजभाषा आयोगाचे ते अध्यक्ष झाले. हिंदी व इंग्रजी यांचा राज्यकारभारात कितपत उपयोग करावा, हा प्रश्न अत्यंत नाजूक होता व आयोगातही एकमत झाले नाही. तरी १९५६ साली त्यांनी अहवाल पुरा करून दिला. हे त्यांचे अखेरचे मोठे कार्य. ८ मार्च १९५७ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय ६८ वर्षांचे होते.

विद्यार्थिमित्रहो, बाळासाहेब खेर हे गर्जना करणारे वक्ते नव्हते, की जनसमुदायास क्षणात पेटविणारे पुढारी नव्हते. मृदू वाणी, नीटस हिशेब व स्वच्छ हात एवढेच त्यांचे भांडवल. परंतु त्यांच्या चरित्रातून घेण्याजोगी एक गोष्ट आहे. राज्यकर्त्यास जे दिसत नाही ते त्याने मुद्दाम पाहावयास जावे, आणि पाहिलेले कागदावर उतरवून घ्यावे. अक्राणीच्या डोंगरातील माणसाचे दुःख अहवालात नोंदले गेले म्हणून ते लगेच संपले नाही. पण नोंदले गेल्यावर ते नाकारता येईनासे झाले. आज आपल्या वर्गात शहादा, तळोदा, धडगाव, अक्कलकुवा व नवापूर येथील मुले एका बाकावर बसून शिकतात. ज्या वहीतील अक्षर आजोबांना वाचता येत नव्हते म्हणून जमीन गेली, ते अक्षर नातवास वाचता येते. हा पालट कोणा एका माणसाने केला नाही. त्यात लढणाऱ्यांचा, शिकविणाऱ्यांचा व शिकणाऱ्यांचाही वाटा आहे. त्या अनेकांत बाळासाहेब खेर यांचे नाव आदराने घेतले पाहिजे, आणि त्यांच्या हातून जे अपुरे राहिले, ते पुरे करण्याचे काम आपल्याकडे आले आहे, हेही ध्यानी ठेवले पाहिजे.